मंगळावर कपडे वाळत घालणारी बाई

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा ह्यांच्या घरात सामान असं फारसं नव्हतं. दोन खोल्या, एक लोखंडी कॉट, ट्रंक, स्टोव्ह, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले हार्डबोर्डचे मोठाले तुकडे. सगळे तोंड भिंतीकडे करून. हे मुलींच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. असे शिक्षक सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवतात, हे मी माहेरी सटाण्याला पाहिलं होतं. म्हटलं, पाट्याच असतील. दुसऱ्या दिवशी केर काढताना त्यातला एक तुकडा मी उलटला.

चित्रातली सगळी जमीन गेरूसारखी लाल होती. आकाश फिकट गुलाबी. लांबवर उघडेबोडके डोंगर. मधोमध काचेचा एक मोठा घुमट, आणि घुमटाच्या आत एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. साधी पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, दातांत चिमटा धरलेला. तिच्या पायाशी दोन मुलं मातीत काहीतरी उकरत होती. घुमटाबाहेर एक यान उभं होतं, त्याची शिडी खाली सोडलेली, जणू आत्ताच कुणीतरी पाहुणं उतरून गेलं होतं.

मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. हे मागून आले.

"मंगळ आहे," म्हणाले. एखाद्यानं आपलं गाव दाखवावं तसं.

मी नर्स. आजारी माणसाच्या खोलीत शिरलं की आधी पाणी कुठं आहे ते बघायची सवय. त्यामुळे तोंडून निघालं ते एवढंच, "पण हिनं कपडे धुतले कुठं? तिथं पाणी आहे?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोलले. मग घाईघाईनं त्यांनी बाकीचे तुकडे उलटायला सुरुवात केली. एकात लांबच्या बर्फातून येणारा नळ होता. एकात त्याच नळावर बायकांची रांग होती. "हे बघ. पाणी आहे. मी विचार केलाय त्याचा. आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. तेव्हाच्या बायका घेत नसत आणि नंतर घ्यावंसं वाटलं तेव्हा जीभ वळली नाही. त्यामुळे इथंही ते येणार नाही.

आमचं लग्न झालं ते आणीबाणी उठली त्या वर्षी. आमच्या कॉलनीत सगळी आपलीच, बौद्ध घरं. कुणी कारकून, कुणी कारखान्यात, कुणी शिक्षक. जयंती जवळ आली की ह्यांना मोठे फलक रंगवायला बोलावत आणि हे आनंदानं जात. पण घरी आले की मंगळ. चंद्र. शनीच्या कड्यांच्या सावलीत बसलेली पत्त्यांची मैफल. माझे वडील एकदा सटाण्याहून आले, त्यांनी चष्मा पुसून एका चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "हाई काय शे वं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, मंगळावरचं कांद्याचं शेत आहे. त्यांनी आणखी जवळ जाऊन पाहिलं. "कांदा चांगला शे," म्हणाले आणि जेवायला बसले. हे त्यावर आठवडाभर खूश होते.

एकदा मी विचारलं, हे खूळ आलं कुठून?

हे सांगू लागले. चंद्रावर पहिल्यांदा माणूस उतरला तेव्हा हे विद्यार्थी होते. चहाच्या दुकानात रेडिओभोवती गर्दी करून सगळ्यांनी ऐकलं. नंतर पेपरात फोटो आला. "दोन माणसं आणि एक झेंडा. मी तो फोटो किती दिवस बघत होतो. वाटलं, हे तर नुसतं पोचले. राहायचं कसं ते कुणी काढलंच नाही. ते आपण काढावं."

"तुम्हीच का?"

ह्यांनी ब्रश पुसून ठेवला. "आमच्या गावात विहीर एका टोकाला होती आणि आमची घरं दुसऱ्या टोकाच्याही पलीकडं. आईबरोबर मी किती हेलपाटे घातलेत. नव्या जागी वस्ती बसेल तेव्हा ती कुणीतरी आधीच नीट आखून ठेवायला पाहिजे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक चित्रात नळ अगदी मधोमध होता आणि सगळी घरं त्याच्यापासून सारखी लांब होती.

बाहेर मात्र ह्या चित्रांना कुणी विचारत नव्हतं. मुंबईच्या एका प्रदर्शनाला हे दोन चित्रं स्वतः घेऊन गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, ही मुलांच्या मासिकाला द्या. मुलांच्या मासिकानं कळवलं, ह्यात विज्ञान कमी आणि संसार जास्त आहे. हे ते मला हसत सांगायचे, पण सांगून झालं की अंगणात जाऊन उभे राहायचे. शाळेतही थोडं तसंच. स्मरणचित्राच्या तासाला परीक्षेला येतील असे विषय द्यायचे असतात, बाजार, जत्रा, पाणवठा. हे फळ्यावर लिहायचे, 'अजून न पाहिलेल्या गावाचं स्मरणचित्र'. मुली खुसुखुसु हसायच्या आणि मग मन लावून काढायच्या.

त्या मुलींत आठवीतली एक होती. तिच्या घरची फुलशेती, शहराच्या कडेला. सकाळी बाजारात शेवंती पोचवून ती शाळेत यायची, त्यामुळे तिच्या वहीलासुद्धा फुलांचा वास असायचा. हात चांगला होता तिचा. हे म्हणायचे, ही माझ्या पुढं जाईल.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मुख्याध्यापकांनी ह्यांना बोलावून सांगितलं की मैदानाकडची लांब भिंत मोकळी आहे, तिच्यावर काहीतरी विज्ञानाचं रंगवा. ह्यांची अख्खी सुट्टी त्या भिंतीपुढं गेली. मी दवाखान्यातून परत येताना डबा घेऊन जायची. परातीएवढं सुरू झालेलं एक चाक रोज मोठं होत गेलं, आणि शेवटी ते आकाशात तरंगणारं एक गाव झालं. चाकाच्या आत खिडक्या, खिडक्यांत कुंड्या. चाकाच्या बाहेर, काळ्या आकाशात, शाळेच्या मुली तरंगत होत्या. अंगात पांढरे पोशाख, डोक्यावर काचेची गोल टोपी, आणि टोपीत खरेखुरे चेहरे. सगळ्यांच्या पुढं ती फुलवाल्याची पोर, एक हात लांब केलेला, चेहऱ्यावर हसू. प्रत्येकीच्या कमरेला एक पांढरी दोरी होती, ती चाकाला बांधलेली.

शाळा उघडली त्या दिवशी मैदानात दंगा झाला. प्रत्येकीला आपला चेहरा शोधायचा होता. हे व्हरांड्यात उभं राहून पाहत होते. त्यांना इतकं सुखात मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि मग स्कायलॅबच्या बातम्या आल्या.

आज ते सांगितलं तर मुलं हसतात. अमेरिकेनं आकाशात सोडलेली ती भलीमोठी प्रयोगशाळा खाली येत होती आणि ती कुठं पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पेपरात रोज नकाशे. कुणी म्हणे मुंबईवर, कुणी म्हणे मालेगावावर, कुणी म्हणे थेट गोदावरीत. घरातल्या कोंबड्या लोकांनी खाऊन टाकल्या. काहींनी शेतावर जायचं सोडलं. कुठं भजनं बसली. दवाखान्यात बायका छातीत धडधडतंय म्हणून येत आणि औषध नको म्हणत, फक्त विचारत, "सिस्टर, तुमचे मिस्टर आकाशातलं काढतात ना? त्यांना विचारा की कुठं पडणार."

हे आधी सगळ्यांना समजावत होते. पाण्यानं भरलेली परात घेऊन त्यात एक लिंबू सोडायचे, म्हणायचे, पृथ्वीवर बहुतेक पाणीच आहे, पडलं तर पाण्यात पडेल. लोक ऐकायचे, मान हलवायचे, आणि जाताना शाळेच्या भिंतीकडे बघायचे. आठवडाभरात बोलणं फिरलं. भिंतीवर मास्तरानं तेच तर काढलंय. आधी चित्र आलं, मग हे आलं. मुलींना कशाला काढलं पण तिथं?

एका संध्याकाळी फुलवाल्या पोरीचा बाप आमच्या दारात आला. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तो बसला, पण तांब्याला हात लावला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "माझ्या पोरीचं चित्र पुसा."

"का? काय झालं?"

"पोर तापानं फणफणली हाय. घराबाहेर यीना. छपराखालून हलत नाय. म्हणती, मी पडणार."

"पडणार कशी? तिला दोरी काढलीय मी. सगळ्यांना काढलीय."

"मास्तर, मी रस्त्यावरून बघितलं. दोरी नाय दिसत." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "रस्त्यावरून माझी पोर पडतानाच दिसती. येणारा-जाणारा मला दाखवतो, ती बघ तुझी पोर पडली. लय झालं आता. तुमच्या पाया पडतो."

तो खरंच वाकला. ह्यांनी त्याचे हात धरले.

तो गेल्यावर आम्ही दोघं शाळेपर्यंत चालत गेलो, अजून उजेड होता. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहिलो. तो खोटं बोलत नव्हता. जवळून इतक्या नीट काढलेली ती पांढरी दोरी तिथून अजिबात दिसत नव्हती. दिसत होत्या त्या काळ्या आभाळात हातपाय पसरून सुटलेल्या मुली.

"मी ही भिंत इथून कधी बघितलीच नाही," हे म्हणाले. "रोज मैदानातूनच बघितली."

"दोरी जाड करा की मग," मी म्हटलं.

"आता जाड करून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला बघायला गेले. ती खरंच तापली होती. ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत असताना तिनं मला हळूच विचारलं, "बाई, सरांनी मला सगळ्यांच्या पुढं का काढलं?" मी म्हटलं, तू त्यांची लाडकी आहेस म्हणून. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

ह्यांनी तिचा चेहरा पुसायचं कबूल केलं. पण तोवर आणखी पालक शाळेत पोचले होते आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं, एकीचाच पुसला तर बाकीच्या काय म्हणतील, सगळी भिंतच पांढरी करून टाका. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शिपायाकडून करून घेतो असंही म्हटलं. हे म्हणाले, नको, मी करतो.

त्या दिवशी मी रजा घेतली. चुन्याची बादली मी धरली होती. ह्यांनी खालून सुरुवात केली, आधी काळं आकाश, मग खिडक्यांतल्या कुंड्या, मग चाक. चेहरे शेवटी ठेवले. वर्ग चालू होते, पण खिडक्यांत मुली दाटल्या होत्या आणि कुणी शिक्षक त्यांना हटकत नव्हते. प्रत्येक चेहऱ्यापाशी हे ब्रश थांबवायचे, त्या मुलीचं नाव पुटपुटायचे आणि मग फिरवायचे. चुना ओला असताना खालचं सगळं दिसत राहतं. त्यामुळे पुसून झाल्यावरही बराच वेळ त्या सगळ्या तिथंच होत्या, धुक्यात उभ्या असल्यासारख्या. ऊन चढलं तशा गेल्या.

थोड्याच दिवसांत ते स्कायलॅब तिकडं ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात पडलं. आमच्या शहरात पेढे वाटले लोकांनी. पानाच्या टपरीवर स्कायलॅबचे विनोद सुरू झाले, एखाद्या आडदांड माणसाला लोक स्कायलॅब म्हणू लागले. पोरीचा ताप उतरला. तिचा बाप एक दिवस शेवंतीची पाटी घेऊन आला आणि उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, "मास्तरांना म्हणावं, राग धरू नका." हे आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं, पण बाहेर आले नाहीत. पोरीनं चित्रकला सोडली आणि दहावीनंतर तिचं लग्न झालं एवढं नंतर कानावर आलं.

ह्यांनी मात्र ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. हार्डबोर्डचे तुकडे कॉटखाली गेले. शाळेत तांब्या-पेला, कापडावर ठेवलेली दोन वांगी, परीक्षेला लागतं तेवढं. घरी आले की पेपर वाचत बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. जेवण कमी झालं. बोलणं तर फारच. माझ्या हाताखालून कितीतरी आजारी माणसं गेली होती, पण घरातलं हे दुखणं कशात मोजायचं ते मला कळत नव्हतं. मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फिरायला न्या. मी फिरायला न्यायची. हे मान खाली घालून माझ्या चपलांमागून चालायचे.

मग आम्हाला मुलगी झाली. ती बोलायला लागल्यावर पाटी घेऊन ह्यांच्याकडे जायची, "बाबा, चांदोबा काढा." हे तिला तांब्या काढून द्यायचे. ती रडायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, काढा की एक गोल! पोरीचं मन मोडता कशाला?" हे पाटी पुसून तिच्या हातात द्यायचे. त्या वर्षांत मी ह्यांच्यावर फार चिडलेली असायची. आणि चिडले की मनात यायचं, हे माणूस एवढ्याशा गोष्टीनं मोडलं. नंतर वाटायचं, एवढीशी होती का ती?

चौऱ्याऐंशी साली आपला माणूस अवकाशात गेला. कॉलनीतले सगळे रेडिओ मोठ्यांदा लावलेले होते. मुलं अंगणात विमानासारखे हात करून पळत होती. संध्याकाळी शाळेतून नवे मुख्याध्यापक आले, हातात मिठाई. त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं, किंवा असलं तरी त्यांनी दाखवलं नाही. म्हणाले, "सर, तुम्ही पूर्वी अवकाशाची चित्रं काढायचात असं ऐकलं. आपली मैदानाकडची भिंत रिकामीच आहे."

"माझ्या हातून आता होत नाही," हे म्हणाले.

ते गेल्यावर मी काही विचारलं नव्हतं, तरी हे बोलू लागले. पाच वर्षांत इतकं सलग बोलले नसतील. "मी माणसं काढली ही चूक झाली. नुसतं यंत्र काढलं असतं तर ती भिंत आजही असती. यंत्राला ताप येत नाही. यंत्राचा बाप दारात येत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दवाखान्यातून आले तर घरभर रंगाचा वास. मला इतका आनंद झाला की चपला न काढताच आत गेले. ह्यांच्यापुढं नवा कोरा बोर्ड होता आणि त्यावर मंगळ होता. तीच लाल जमीन, तेच डोंगर, तोच घुमट. आत घरं होती, नळ होता. माणूस नव्हतं. दोरी होती, तिच्यावर कपडे नव्हते.

मला वाटलं, अजून काढायचं असेल. पण ते चित्र पुरं झालं होतं.

त्यानंतर ह्यांनी बरीच चित्रं काढली. सगळी रिकामी. बंद दारं, उघड्या शिड्या, पुसल्यासारखे रस्ते. हात आधीपेक्षा पुढं गेला होता. सावल्या, काचेवरचा उजेड, दगडांचं खडबडीतपण, सगळं खरं वाटायचं. आणि लोकांना ती चित्रं आवडली. पुण्याच्या एका मासिकानं मुखपृष्ठावर छापली. मुंबईच्या प्रदर्शनात लागली. तिथं एका जाणकारांनी ह्यांना सांगितलं, "तुमच्या चित्रांतल्या शांततेला तोड नाही." हे घरी येऊन मला सांगताना हसले नाहीत.

पुढं नाशिकातच इंदिरानगरला आम्ही राहायला गेलो तेव्हा एक खोली खास चित्रांसाठी ठेवली. पाहुणे यायचे, त्या खोलीत जाऊन हळू आवाजात बोलायचे. मी त्या खोलीत झाडायला जायची आणि लवकर बाहेर यायची. माझ्या मुलीलाही ती आवडायची नाही, पण ती स्पष्ट सांगायची. मी सांगत नव्हते. इतक्या वर्षांनी माणूस काम करतंय, नाव होतंय, कशाला बोलायचं?

एका रविवारी दुपारी मात्र राहवलं नाही. हे एक नवं चित्र दाखवत होते, चंद्रावरचा दवाखाना. ओळीनं खाटा, धुतलेल्या चादरी, सलाइनचा स्टँड. माझ्या ओळखीची जागा, म्हणून मुद्दाम मला दाखवायला बोलावलं होतं. मी त्या खाटांकडे बघितलं. रिकामा वॉर्ड मी पाहिलेला होता. तो कशानं रिकामा होतो हेही.

"अहो," मी म्हटलं, "मला ही चित्रं बघवत नाहीत. ह्यातली सगळी माणसं मेल्यासारखी वाटतात. मला भीती वाटते."

मला वाटलं, आता हे पुन्हा महिनाभर गप्प होतील. ह्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, काठावर निथळवला, सावकाश.

"मलाही वाटते," म्हणाले.

"मग काढता कशाला?"

"दुसरं येत नाही आता. माणूस काढायला घेतलं की हात थांबतो. तिचा बाप दिसतो वाकलेला." मग माझ्याकडे न बघता, "तू इथं बसत जा. मी काढत असताना. काही बोलू नकोस, नुसती बस."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी भाजीची परात घेऊन त्या खोलीत बसू लागले. मटार सोलायचे, मेथी निवडायची, पोरीच्या फ्रॉकची शिवण उसवलेली असेल तर घालायची. हे पाठमोरे उभे राहून ती रिकामी गावं रंगवत. बाहेरून स्कूटरचे आवाज येत, कुकरच्या शिट्ट्या येत. मधेच कधीतरी हे हात न थांबवता विचारायचे, "आहेस ना?"

"आहे," मी म्हणायची, आणि पुढची शेंग उचलायची.